टाक्यांनंतरचा चेहरा

चौथ्या शतकाच्या अखेरीस चीनमध्ये वेई यांगजी नावाचा एक गरीब तरुण होता. वय अठरा, वरचा ओठ जन्मतःच फाटलेला. यिन चुंगखान या सुभेदाराच्या पदरी ओठ जोडणारा वैद्य आहे असं कानावर आलं, तेव्हा तो शिधा बांधून निघाला. वैद्यानं अट घातली: शंभर दिवस नुसती पेज, बोलायचं नाही, हसायचं नाही. अर्धा जन्म मुका राहीन, शंभर दिवसांचं काय, अशा अर्थाचं त्याचं उत्तर चिन राजवटीच्या इतिहासात नोंदलेलं आहे. ओठ जुळला आणि पुढे तो मोठ्या हुद्द्यावरही चढला. जुळलेला ओठ दिसत कसा होता, याबद्दल मात्र तिथे अक्षर नाही.

फट मिटली की काम फत्ते, हा हिशोब पुढे शतकानुशतकं चालला. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची कृती तपशिलात येते, आणि ओठाचं नळ्या न घालता तसंच करावं, एवढ्यावर विषय संपतो. फ्रान्सच्या आंब्रवाज पारेनं 1564 साली दाखवलेल्या पद्धतीत ओठाच्या कडा सोलायच्या, त्यांतून सुई आरपार घालायची आणि तिच्याभोवती दोरा इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा गुंडाळायचा. व्रण कसा उमटेल ही चिंता त्यात फारशी नाही.

टाळूची पारख तर बोलणं ऐकून, कानांनीच होई. जॉन स्टीफन्सन हा वैद्यकाचा कॅनेडियन विद्यार्थी दुभंगलेली टाळू घेऊनच जन्मला होता. पॅरिसमध्ये रू या शल्यविशारदानं 1819 साली त्याची मऊ टाळू शिवली, आणि पुढच्याच वर्षी या पठ्ठ्यानं एडिंबरात त्याच शस्त्रक्रियेवर प्रबंध सादर केला. रुग्णानंच आपल्या उपचारावर लिहावं, हे त्यानंतर फार काळ दुर्मीळ राहिलं.

दिसण्याचा प्रश्न खऱ्या अर्थानं मध्यावर आला तो विसाव्या शतकात. राल्फ मिलार्ड हा अमेरिकन सर्जन 1954-55 च्या सुमारास कोरियात होता. ओठाची धनुष्यासारखी कड फाटलेल्या ओठाच्या मुलांमध्ये हरवलेली नसते, वर खेचली गेलेली असते, हे त्याच्या ध्यानात आलं. तो भाग फिरवून खाली आणायचा, मोकळ्या झालेल्या जागेत बाजूचा भाग सरकवायचा आणि व्रण नाकाखालच्या पन्हळीच्या कडेवर, म्हणजे निसर्गाची रेघ असते तिथेच ठेवायचा. 1955 साली स्टॉकहोमच्या परिषदेत त्यानं ही पद्धत मांडली. मला यातली युक्ती आवडते ती अशी, की इथे सर्जननं पाहणाऱ्याच्या नजरेचा विचार केला होता.

पण पाहणारा कोण? 1991 साली अ‍ॅशर-मॅकडेड आणि सहकाऱ्यांनी मोजपट्टीच काढली. फोटोतला बाकी चेहरा झाकायचा, फक्त नाक आणि ओठ उघडे ठेवायचे, आणि नाकाची ठेवण, त्याचा कल, ओठाची लाल कड आणि बाजूनं दिसणारी रेषा या चार गोष्टींना तज्ज्ञांनी एक ते पाच गुण द्यायचे. एक म्हणजे फार छान. झाकण्याचं कारण रास्त होतं: डोळे सुंदर असतील तर परीक्षक ओठालाही उदार होतो. याच पट्टीनं उत्तर युरोपातली सहा केंद्रं ताडून पाहिली गेली. अशा तुलनांत ब्रिटनची केंद्रं मागे पडली, आणि 1998 च्या सरकारी अहवालानं 57 ठिकाणी विखुरलेले हे उपचार मोजक्या केंद्रांत आणायला सांगितलं. कापलेल्या फोटोनं एवढं काम केलं, हे मान्यच करायला हवं.

मात्र असा कापलेला चेहरा रस्त्यात कुणाला भेटत नाही. भेटतो तो बोलणारा, हसताना ओठ एका बाजूला ओढला जाणारा. आपल्याकडे तर त्या बारीक व्रणावरून लोक थेट आईकडे वळतात: ग्रहण पाळलं नव्हतं का, पोटुशी असताना भाजी चिरली होती का? टाके कितीही सफाईदार असोत, या चौकशीवर त्यांचा इलाज चालत नाही. मदतसंस्थांच्या ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या जोडफोटोंचंही तसंच. मिर्झापूरकडच्या पिंकी सोनकरवरच्या ‘स्माइल पिंकी’ या लघुपटाला 2009 साली ऑस्कर मिळालं आणि ही शस्त्रक्रिया जगभर घरोघरी पोचली. पण फोटोत चेहऱ्याची तुलना त्याच्याच कालच्या रूपाशी होते. शाळेत ती शेजारच्या बाकावरच्या मुलीशी होते.

म्हणून 2018 च्या सुमारास प्रसिद्ध झालेली ‘क्लेफ्ट-क्यू’ ही प्रश्नावली महत्त्वाची. भारतासह 12 देशांतल्या 8 ते 29 वर्षांच्या रुग्णांना विचारून ती तयार झाली. व्रण, नाकपुड्या, दात, जबडा यांबद्दल तीत त्यांनाच विचारतात. शिवाय बोलणं आणि शाळा यांबद्दलही. डॉक्टरांचं मत आणि रुग्णाचं मत नेहमी जुळतं असं नाही. ओठ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात शिवतात, टाळू वर्षाच्या आसपास, हिरडीत हाड दुसरे दात येण्याच्या वयात भरतात. हे सगळं आईबापांनी ठरवलेलं. नाकाची शेवटची दुरुस्ती साधारण सोळा-अठराव्या वर्षी, चेहऱ्याची वाढ संपल्यावर करतात. तोवर मुलगी सज्ञान व्हायला आलेली असते, आणि नाकपुडी अजून बसकी आहे असं सर्जन सांगत असताना ती ‘आता पुरे’ म्हणू शकते. चार रकान्यांच्या त्या पट्टीत या उत्तराला जागा नव्हती.