कुर्तुब्यापासून लीलपर्यंत : गालाच्या हाडाची गोष्ट

गेल्या रमजानमध्ये माझा भाचा मोटरसायकलवरून पडला. डोळा सुजून बंद झाला होता. जवळच्या डॉक्टरांनी मलम दिले आणि 'मुका मार आहे' म्हणून घरी पाठवले. पाचव्या दिवशी सूज उतरली, तेव्हा आपा म्हणाली, "भाईजान, याचा एक गाल बसका दिसतोय." तोंड नीट उघडत नव्हते, वरचा ओठ बधिर होता. सीटी स्कॅनमध्ये गालाचे हाड मोडून आत दबलेले दिसले.

सर्जननी कानशिलावर केसांत छोटा छेद घेतला, आतून हत्यार सरकवले आणि हाड उचलले. ही पद्धत पहिल्या महायुद्धात सैनिकांचे चेहरे सावरणाऱ्या हॅरल्ड गिलीज यांनी सहकाऱ्यांसह १९२७ साली मांडली. मला कुतूहल वाटले आणि मी वाचू लागलो.

वर्गात मी अनेकदा अभिमानाने सांगत आलो, की शस्त्रक्रियेचा पाया कुर्तुब्याच्या अबुल कासिम अल-जहरावींनी घातला. त्यांचे काम मोठेच आहे. इ. स. १०००च्या सुमारास त्यांनी 'अत-तसरीफ' हा तीस भागांचा ग्रंथ पूर्ण केला. हललेले दात सोन्याच्या तारेने बांधावेत, असे त्यात आहे. जबडा मोडल्यावर आजही दात तारेने बांधतात. पण इजिप्तच्या एका पपायरसमध्ये, इ. स. पूर्व १६००च्या सुमारास, ४८ जखमींच्या नोंदी आहेत आणि त्यांत गालाची मोडलेली हाडेही आहेत. म्हणजे 'आम्हीच पहिले' हे माझे वाक्य चुकीचे होते. पुढे बाराव्या शतकात तुलैतुला, म्हणजे टोलेडो येथे, जेरार्ड ऑफ क्रेमोना यांनी अल-जहरावींचा शस्त्रक्रियेचा भाग लॅटिनमध्ये नेला. ज्ञान असे हातोहात पुढे गेले.

१९०१ साली फ्रान्समधील लील येथे रने ल फोर यांनी मृतदेहांच्या डोक्यांवर आघात करून पाहिले. चेहऱ्याचा मधला भाग कसाही मोडत नाही, ठरावीक कमकुवत रेषांवर मोडतो, हे त्यांना आढळले : दातांच्या वर आडवा, नाकाभोवती त्रिकोणी, किंवा सगळा चेहरा कवटीपासून सुटलेला. वरून कातडी शाबूत असली, तरी आत हाडे मोडलेली असू शकतात, हेही त्यांनी दाखवले. आमच्या 'मुक्या मारा'चे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच लिहिलेले होते.

म्हणून वाचकहो, चेहऱ्याला मार लागला तर दोन्ही गाल बोटांनी हलकेच चाचपून तुलना करा. एकाचे दोन दिसते का, दात पूर्वीसारखे जुळतात का, ते विचारा. नाक शिंकरू देऊ नका. नजर कमी झाली किंवा नाकातून पाण्यासारखे काही गळू लागले, तर लगेच मोठे हॉस्पिटल गाठा. दोन-तीन आठवडे गेले, की हाड चुकीच्या जागीच जुळू लागते.

माझ्या भाच्याचे वेळेत झाले. यंदा वर्गात अल-जहरावींचा धडा घेईन, तेव्हा इजिप्त आणि लीलही सांगेन.