ग्रंथ, वाचक आणि अर्थाधिकार

सोळाव्या व सतराव्या शतकांतील युरोपीय स्थित्यंतराचा इतिहास लिहिताना धर्मसुधारणा, विज्ञान आणि राजसत्ता यांची बहुधा स्वतंत्र प्रकरणे पाडली जातात. या तिहींना जोडणारा प्रश्न मात्र वाङ्मयीन आहे : ग्रंथाचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा?

मार्टिन ल्यूथरची १५१७ मधील ९५ विधाने लॅटिनमध्ये, विद्वानांच्या वादासाठी लिहिलेली होती. १५२२ मध्ये त्याने केलेले नव्या कराराचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध झाले आणि बायबलचा वाचकवर्ग विस्तारला. १५२५ मध्ये श्वाबियातील शेतकऱ्यांनी आपल्या मागण्यांची बारा कलमे मांडली. ख्रिस्ताने सर्वांनाच मुक्त केले आहे, म्हणून भूदासत्व नष्ट व्हावे, हा त्यांतील एका कलमाचा आशय. ल्यूथरला हे वाचन मान्य नव्हते. ख्रिस्ती स्वातंत्र्य आत्म्याचे, देहाचे नव्हे, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे बंड निर्दयपणे मोडून काढण्याचे आवाहन त्याने राज्यकर्त्यांना केले. धर्मपीठाची अर्थनिर्णयाची मक्तेदारी नाकारणाऱ्या भाषांतरकारालाही वाचकाचे स्वातंत्र्य पेलले नाही.

विज्ञानाच्या क्षेत्रातही हाच प्रश्न उभा राहिला. कोपर्निकसचा गणितप्रधान लॅटिन ग्रंथ १५४३ मध्ये निघाला; रोमने त्यावर बंदी घातली ती ७३ वर्षांनी, १६१६ मध्ये, तीही दुरुस्ती होईपर्यंत. दरम्यान दुर्बिणीने नवे पुरावे पुढे आणले होते आणि सूर्यकेंद्री मताची बायबलशी सांगड घालण्याचे प्रयत्न धर्मपीठाबाहेर सुरू झाले होते. गॅलिलिओने १६३२ मधील आपला ‘संवाद’ इटालियनमध्ये, तीन पात्रांच्या संभाषणातून लिहिला. खगोलशास्त्राचा वाद त्यामुळे सुशिक्षित नागरिकाच्या आवाक्यात आला. १६३३ च्या खटल्यामागील कारणे अनेक होती. परंतु ग्रंथाची भाषा आणि त्याचा आकृतिबंध यांना वगळून त्या संघर्षाचा उलगडा होत नाही. लोकभाषेची मर्यादाही येथेच दिसते. इतर देशांतील विद्वानांसाठी याच ग्रंथाचा लॅटिन अनुवाद १६३५ मध्ये काढावा लागला.

तात्पर्य, नवा विचार केवळ मांडला गेल्याने समाज बदलत नाही. तो वाचण्याचा, त्याचा आपल्यापुरता अर्थ लावण्याचा अधिकार नवे वाचक बजावू लागतात, तेव्हा सत्तेला त्याची दखल घ्यावी लागते. वाचककेंद्री समीक्षेने वाचकाचा विचार निव्वळ सौंदर्यानुभवाच्या कक्षेत ठेवला, तर बारा कलमे मांडणारा तो शेतकरी तिच्या दृष्टीआडच राहील.