उतरलेल्या वस्त्रांचा बाजार

दुपारचीं जेवणें आटोपून घरांतल्या बायका जरा आडव्या झाल्या न झाल्या तोंच जिन्यांत बोहारणीची हांक ऐकूं यावयाची, हा मुंबई-पुण्याकडील चाळींचा आणि वाड्यांचा फार वर्षांचा परिपाठ. डोक्यावर भांड्यांची टोपली आणि पाठीवर कपड्यांचें गांठोडें. दोन लुगडीं, एक विजार आणि मालकांचा कोपरावर विरलेला कोट यांच्या मोबदल्यांत एक पातेलें मिळे. आणि त्या पातेल्यावर झांकण मिळावें म्हणून आणखी अर्धा तास घासाघीस होई. सौदा पटला कीं गांठोडें जिना उतरून जाई. त्या कपड्यांचें पुढें काय होतें याची चौकशी घरांत कोणी करीत नसे. किंबहुना ती करणें फारसें शोभेचेंहि मानलें जात नसे.

लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क येथील सुस्थितींतील तरुण-तरुणी आज हेंच उतरलेलें वस्त्र हौसेनें शोधीत हिंडतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वींचा झगा अंगाला बेताचा बसला तर त्याला कोऱ्या झग्याहून अधिक किंमत देतात, आणि तो जुना आहे हें लपविण्याऐवजीं चार लोकांत अभिमानानें सांगतात. अशा वस्त्रांना ते ‘व्हिंटेज’ म्हणतात. हा शब्द मूळचा द्राक्षांच्या हंगामाचा. त्यावरून तो जुन्या, मुरलेल्या मद्याला लागला आणि तेथून कपड्यांवर आला. वस्त्र तेंच, वीणहि तीच. पालटली ती पाहणाऱ्याची नजर. हा पालट आज वाटतो तितका जुना नाहीं.

यंत्रयुगापूर्वीं वस्त्र ही केवळ वापरावयाची वस्तु नव्हती, ती मालमत्ता होती. सूत हातानें काढावयाचें, कापड हातमागावर विणावयाचें, शिवण हातानें घालावयाची. अशा रीतीनें तयार झालेला लोंकरी डगला माणसाच्या मृत्युपत्रांत नांवानिशीं नमूद होत असे. लंडनमध्यें फांशीं दिलेल्या गुन्हेगाराच्या अंगावरचे कपडे हा फांशी देणाऱ्याचा हक्क समजला जाई, यावरून त्यांचें मोल ध्यानांत यावें. १५९९ सालीं बाझेलहून लंडनला आलेला टॉमस प्लाटर नांवाचा प्रवासी लिहून ठेवतो कीं, तेथील मोठे सरदार मरतांना आपलीं उत्तम वस्त्रें नोकरांना देऊन जातात. परंतु तीं अंगावर घालणें नोकरांना शोभत नाहीं, म्हणून तीं ते नटांना थोडक्या पैशांत विकतात. शेक्सपिअरच्या काळच्या रंगभूमीवर राजाच्या अंगावर झळकणारा मखमली झगा पुष्कळदां खऱ्याच उमरावाच्या अंगावरून उतरलेला असे. हेन्स्लो हा त्या काळचा मोठा नाटकगृहचालक गहाणवटीचाहि धंदा करी, हा कांहीं निव्वळ योगायोग नव्हे.

पुढें अठराव्या शतकांत लंडनच्या प्रसिद्ध किल्ल्याजवळ, टॉवरजवळ, रोझमेरी लेन नांवाच्या गल्लींत जुन्या कपड्यांचा बाजार भरूं लागला. त्याचें नांवच ‘रॅग फेअर’, म्हणजे चिंध्यांची जत्रा. पोपसारख्या कवीनेंहि आपल्या उपहासकाव्यांत त्याची दखल घेतली. हा बाजार पुढें इतका बदनाम झाला कीं, १८५० सालीं त्या गल्लीचें नांवच बदलून ‘रॉयल मिंट स्ट्रीट’ असें भारदस्त नांव ठेवण्यांत आलें. गल्लीचें नांव बदललें तरी गरिबाला अंगभर कपडा लागतोच. बाजार चालूच राहिला.

शहराच्या दुसऱ्या टोंकाला मॉन्मथ स्ट्रीट ही जुन्या कपड्यांच्या दुकानांची आळी होती. चार्ल्स डिकन्स यानें १८३६ सालीं, म्हणजे वयाच्या पंचविशीच्या आंत, तिच्यावर एक निबंध लिहिला. दुकानांत टांगलेले रिकामे कोट पाहून त्यांच्या धन्यांचीं चरित्रें कल्पनेनें रचणें हा त्या निबंधाचा विषय. एका ओळींत टांगलेले कांहीं पोशाख त्याला एकाच मनुष्याचे भासतात: प्रथम लहान मुलाचा, मग निरोप्या पोराचा, मग उडाणटप्पू तरुणाचा; आणि त्या पोशाखांच्याच आधारानें तो त्या मनुष्याला अधोगतीपर्यंत नेऊन पोंचवितो. आज जुना झगा विकत घेतांना ‘हा कोणीं घातला असेल?’ या विचारानें जी एक हुरहूर वाटते, ती वाङ्मयांत इतकी स्पष्ट क्वचितच उतरली असेल. मात्र डिकन्सला ही कल्पना सुचली ती दुकानाबाहेर उभें राहून. ज्याला आंत जाऊन तोच कोट अंगांत घालावा लागे त्याला अशा कल्पना करण्याची उसंत होती किंवा नाहीं, हें सांगतां येत नाहीं.

त्या ग्राहकाची आणि विक्रेत्याची हकीकत हेन्री मेह्यू या पत्रकारानें लिहून ठेवली. लंडनच्या कष्टकरी वर्गाचें त्याचें वर्णन १८५१ सालीं ग्रंथरूपानें आलें. त्यांतील जुन्या कपड्यांचीं प्रकरणें वाचतांना मराठी वाचकाला घरचीच आठवण व्हावी. लंडनच्या गल्ल्यांतून हांका मारीत कपडे गोळा करणारे लोक बहुतेक ज्यू होते. परक्या धर्माच्या आणि हातीं भांडवल नसलेल्या माणसाला त्या काळीं उघडे असलेले उद्योग थोडेच. त्यांतला हा एक. दिवसभर घेतलेला माल ते संध्याकाळीं हाउंड्सडिच येथील बाजारांत आणीत. तेथें १८४३ सालीं बंदिस्त आवार बांधून जणूं सराफ्याच्या थाटाचें जुन्या कपड्यांचें ‘एक्स्चेंज’ उभें राहिलें होतें.

परंतु याहून नवलाची गोष्ट पुढें आहे. मेह्यूनें आणखी एका वर्गाचें वर्णन केलें आहे. हे लोक डोक्यावर चिनी मातीच्या भांड्यांची टोपली घेऊन दारोदार हिंडत आणि भांडीं पैशानें न विकतां जुन्या कपड्यांवर देत. पुरुषाचा पुरा पोशाख, टोपी आणि बूट यांच्या बदल्यांत चहाचा संच, असे त्यांचे भाव. म्हणजे लंडनमध्यें बोहारी होता! त्याची टोपली चिनी मातीची आणि आमच्या बोहारणीची धातूची, एवढाच काय तो फरक. दोघांनींहि मानवी स्वभावाचें एकच मर्म ओळखलें होतें. जुना कोट पैशांस विकण्याची घरधनिणीला लाज वाटते. त्याच्या बदल्यांत वस्तु घेण्याची वाटत नाहीं.

गोळा झालेल्या मालाचें काय होई? त्यावर अनेक हातांचें पोट चाले. फाटक्या जागीं ठिगळ लावून, कड उलटवून कपडा उभा करणारे कारागीर निराळे. विटलेल्या काळ्या कोटाला पुन्हां काळा रंग चढवून त्याला ‘जिवंत’ करणारे निराळे. जुन्या बुटांचे तुकडे जोडून नवे बूट बनविणाऱ्यांना तर ‘ट्रान्सलेटर’ म्हणजे भाषांतरकार म्हणत. ग्रंथांच्या भाषांतरकारांनीं या नामसाम्याचा राग मानूं नये. बराच माल आयर्लंडला जाई. जो माणसाच्या अंगावर चढण्याजोगा उरत नसे तो यॉर्कशायरला जाई, आणि त्यांतूनहि उरलेल्या लोंकरी चिंध्या केंट परगण्यांतील शेतांत खत म्हणून पडत.

यॉर्कशायरचें प्रकरण थोडें सांगितलें पाहिजे, कारण त्याचा धागा आपल्या देशापर्यंत येतो. बॅटली गांवच्या बेंजामिन लॉ यानें १८१३ च्या सुमारास लोंकरी चिंध्या पिंजून, त्यांत थोडी नवी लोंकर मिसळून पुन्हां सूत काढण्याची युक्ति साधली. त्या कापडाला ‘शॉडी’ म्हणत. पुढें इंग्रजींत तो शब्द हलक्या, दिखाऊ मालाचा वाचक झाला. वास्तविक त्या कापडानें लक्षावधि मजुरांना थंडींत ऊब दिली. हाच धंदा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ज्या हिंदी शहरांत जोमानें वाढला त्याचें नांव मराठी माणसाला सांगावयास नको. तें पानिपत. युरोप-अमेरिकेंतील उतरलेले लोंकरी कोट तेथें गठ्ठ्यांनीं आले. ते पुन्हां वापरांत येऊं नयेत म्हणून आयातीच्या नियमाप्रमाणें फाडलेले असत. बायका विळीवर धरून त्यांचीं बटणें आणि अस्तरें वेगळीं करीत, रंगवार ढीग लावीत, आणि त्यांतून विणलेल्या घोंगड्या कोठें भूकंप किंवा पूर आला कीं मदतीच्या गाडींतून जात.

शिवणयंत्रें आणि कारखान्यांतील तयार कपडे आल्यावर पाश्चात्य देशांत जुन्या वस्त्राचें मोल घसरलें. नवा कपडा स्वस्त झाला आणि जुना कपडा हें दारिद्र्याचें चिन्ह ठरलें. रोगाची भीति होतीच. तींत लाजेची भर पडली. आतां हा व्यापार धर्मादाय संस्थांच्या आश्रयाला गेला. बॉस्टन येथें एडगर हेल्म्स या पाद्र्यानें १९०२ सालीं ‘गुडविल’ची चळवळ आरंभिली. सधन घरांतून जुने कपडे गोळा करावे, ते दुरुस्त करण्याचें काम गरिबांना मजुरीनें द्यावें आणि अल्प किंमतींत ते विकावे, अशी ती योजना. फुकट दान घेतल्यानें माणसाचा मान जातो, काम करून घेतल्यानें जात नाहीं, ही तिच्यामागची दृष्टि. अशा दुकानांना काटकसरीवरून ‘थ्रिफ्ट’ हें नांव मिळालें.

दुसऱ्या महायुद्धानें ही लाज कांहीं काळ पुसून टाकली. इंग्लंडांत १ जून १९४१ पासून कपड्यांवर नियंत्रण आलें. वर्षाला माणशीं ६६ कुपनें, आणि पुरुषाच्या एका पुऱ्या सुटालाच त्यांतलीं २६ लागत. जुन्या कपड्यांना मात्र कुपनें लागत नसत. साहजिकच भल्याभल्या घरच्या स्त्रिया त्या दुकानांच्या पायऱ्या चढल्या. आपल्याकडे १९४३ सालीं कापडावर नियंत्रण आलें आणि ‘कंट्रोलचें कापड’ हा शब्द घरोघरीं रूढ झाला, तो हाच काळ. ऑक्सफर्ड येथें उपासमारीच्या निवारणासाठीं १९४२ सालीं स्थापन झालेल्या समितीनें, म्हणजेच ‘ऑक्सफॅम’नें, युद्धानंतर ब्रॉड स्ट्रीटवर दान आलेल्या वस्तूंचें दुकान थाटलें. तशीं तिचीं दुकानें पुढें शेंकड्यांनीं निघालीं.

तरीहि गरज म्हणून जुनें घेणें निराळें आणि शोभेसाठीं घेणें निराळें. ही दुसरी पायरी समृद्धीच्या काळांत चढली गेली, हें विशेष. अमेरिकेंत १९५० नंतरच्या दशकांत, ज्यांना नवा कोट घेण्याची ऐपत होती अशा तरुणांनीं १९२० च्या सुमाराचे, माळ्यावर पडलेले रॅकून नांवाच्या प्राण्याच्या कातड्याचे केसाळ कोट हुडकून काढले. त्यांचें वेड इतकें वाढलें कीं, १९५७ सालीं न्यूयॉर्कच्या एका बड्या दुकानानें तसले जुने कोट जाहिरात देऊन विकावयास काढले. लंडनमध्यें १९६६ सालीं किंग्ज रोडवर जुन्या वस्त्रांचें जें दुकान निघालें त्याचें नांव ‘आजीबाई सहलीला निघाल्या’ अशा अर्थाचें होतें. आजीच्या पेटींतले रेशमी झगे नातवंडांच्या अंगावर आले. पोर्टोबेलो रोडवरील दुसऱ्या एका दुकानाचें नांव याहूनहि खोंचक: ‘मी लॉर्ड किचनेरचा खिदमतगार होतों’. १९०२ ते १९०९ या काळांत हिंदुस्थानचा सरसेनापति असलेल्या त्या करड्या शिस्तीच्या सेनानीचें नांव पाटीवर लावून तेथें लष्करी लाल डगले विकले जात, आणि तारेच्या वाद्यांवर गाणारे लांब केसांचे तरुण ते विकत घेत. साम्राज्य ओसरल्यावर त्याचा गणवेष सोंगासाठीं उरला. यांत कोणाला उपहास दिसला, कोणाला अपमान. विकत घेणाऱ्यांना बहुधा सोन्याची वेलबुट्टी तेवढी दिसली असावी.

आपल्याकडे जुन्या वस्त्राची परंपरा घरांतल्या घरांतच मोठी होती. आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचें नातवाला दुपटें होई, उरलेल्यांची गोधडी शिवली जाई. परंतु पैठणीच्या आणि शालूच्या वांट्याला वेगळेंच आलें. त्यांची जर खऱ्या चांदीची. वस्त्र विरलें कीं तें जरवाल्याला द्यावयाचें. तो पदर आणि कांठ जाळून, राखेंतून चांदी काढून तिचें वजन करी. जें विणावयास कारागिराला महिनोन्महिने लागले तें घटकाभरांत भट्टींत जाई, आणि वहिनींच्या हातांत चार रुपये पडत. आज जुन्या पैठणीचा एखादा पदर कांचेखालीं मांडलेला दिसतो किंवा भारी किंमतीनें विकला जातो, तेव्हां किती पदर अशा रीतीनें चांदीच्या भावानें गेले, याचा विचार मनांत आल्याशिवाय राहत नाहीं. त्या बायकांना दोष देणेंहि अवघड. अडल्या वेळीं चांदीच उपयोगी पडे, नक्षी नव्हे.

बोहारणीच्या गांठोड्याचा माग मात्र अद्यापि घेतां येतो. या धंद्यांतील पुष्कळ कुटुंबें गुजराथेंतून आलेल्या वाघरी समाजाचीं. हे लोक स्वतःला देवीपूजक म्हणवितात. अहमदाबादेंत याच धंद्यांतील स्त्रियांनीं इला भट्ट यांच्या ‘सेवा’ संघटनेचा आरंभींच आश्रय केला. भांडीं विकत घेण्यास लागणारें भांडवल सावकाराकडून जबर व्याजानें घ्यावें लागे, ही त्यांची मुख्य तक्रार. १९७४ सालीं सुमारें ४००० कष्टकरी स्त्रियांनीं प्रत्येकीं दहा दहा रुपये घालून ‘सेवा’ची बँक काढली.

दिल्लींत रघुवीरनगरचा बाजार उजाडण्यापूर्वींच गजबजतो. दिव्यांच्या उजेडांत साड्या, विजारी, मुलांचे गणवेष यांचे ढीग लागतात. लहान व्यापारी कापड हातानें चोळून, उजेडाकडे धरून पाहतात. नेसण्याजोगी साडी एका ढिगांत, पुसण्याच्या फडक्याला योग्य ती दुसऱ्यांत. रेशीम आणि जर तिसऱ्याच माणसाकडे. ऊन चढेपर्यंत व्यवहार आटोपतो. मिळालेल्या पैशांतून ती बाई पुन्हां कोरीं भांडीं घेते, टोपली डोक्यावर चढविते आणि दुपारच्या वेळेला गल्ल्यांतून हांका मारीत निघते.