वेशीबाहेरची दोन स्टेशने

नागपूरहून रेल्वेने कोलकात्याला निघालेला माणूस कोलकात्यात उतरतच नाही. तो उतरतो हावड्याला. मधे हुगळी नदी, पलीकडे शहर. मीही असाच आलो, आणि पुढे इथलाच झालो.

हावड्याहून पहिली गाडी १५ ऑगस्ट १८५४ रोजी हुगळीपर्यंत धावली. नदीवर पूल नव्हता. शहरातल्या प्रवाशाने आर्मेनियन घाटावर तिकीट काढायचे. त्यातच नदी ओलांडण्याचे भाडे धरलेले असे. १८७४ मध्ये तरंगता पूल झाला, पण जहाजांसाठी तो मधूनमधून उघडावा लागे. आजचा पोलादी पूल १९४३ चा.

दुसरे स्टेशन सियालदा. १८६२ मध्ये इथून पूर्व बंगालातल्या कुष्टियापर्यंत गाडी सुरू झाली. हे नदीच्या अलीकडे खरे, पण जुन्या शहराच्या वेशीबाहेरच. ती वेस ठरवली आमच्या नागपूरकरांच्या धास्तीने! १७४२ मध्ये रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालात घुसल्या, तेव्हा कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याचे नावच ‘मराठा डिच’. मराठे कोलकात्यापर्यंत पोचले नाहीत आणि खंदकही अर्धवट राहिला. पुढे तो बुजवून सर्क्युलर रोड झाला. त्या रस्त्याच्या बाहेरच्या अंगाला सियालदा उभे आहे.

फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली निर्वासित कुटुंबे याच सियालदाच्या फलाटांवर महिनोन्‌महिने राहिली. आमच्या शेजारच्या माशीमा त्यांतल्याच. मी नागपूरचा म्हटल्यावर त्या हसून म्हणाल्या होत्या, “म्हणजे तुम्ही बर्गी!” बर्ग्यांची भीती घालणारे अंगाईगीत त्यांनी आईकडून त्या फलाटावरच ऐकले होते. गाव सुटले, घर सुटले. दोनशे वर्षांपूर्वीची ती भीती मात्र बरोबर आली.

भारतातली पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ ला याच शहरात एस्प्लनेड ते भवानीपूर धावली; पण या दोन स्टेशनांना जोडणारी नव्हती. मार्च २०२४ मध्ये हावड्याची मेट्रो नदीखालून एस्प्लनेडला आली. पुढचा तुकडा अवघड गेला. २०१९ मध्ये बोगदा खणताना बऊबाजारात जमिनीखालचे पाणी फुटले, घरे कोसळली, अनेक कुटुंबांना नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडावे लागले. अखेर २२ ऑगस्ट २०२५ ला एस्प्लनेड–सियालदा जोडले गेले.

त्यानंतर एकदा माशीमांना घेऊन मी हावड्याहून सियालदाला गेलो. वाटेत आधी नदी येते आणि शेवटी तो बुजलेला खंदक. आतून दोन्ही दिसत नाहीत. पाव तासाच्या आत आम्ही पोचलो. मी त्यांना खंदकाची जागा सांगू लागलो, पण त्यांचे लक्ष नव्हते. वर आल्यावर त्या रेल्वे स्टेशनकडे वळल्या आणि म्हणाल्या, “चल, आमचा फलाट दाखवते.”