तार मेली, पण तारेचा कायदा जिवंत आहे!

आजची गोष्ट तारेची आहे. पोस्टमन घेऊन यायचा ती तार आपल्याकडे जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण तिच्यासाठी इंग्रजांनी १८८५ मध्ये केलेल्या कायद्याचा एक तुकडा आजही तुमच्या-माझ्या डोक्यावर लटकतोय. मुंबईत नवी हाय टेन्शन लाइन कुठून जाणार हे ठरतं त्यात या तुकड्याचा मोठा हात असतो. कसा ते बघू.

आधी जरा मागे जाऊ. फेब्रुवारी १९१५. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या धरणांचं पाणी घाट उतरून खोपोलीत यायचं, तिथे वीज बनायची आणि जवळपास एक लाख व्होल्ट दाबाने सुमारे ७० किलोमीटर प्रवास करून परळला पोचायची. कशासाठी? गिरण्यांसाठी. त्या काळात एवढ्या दाबाची लाइन उभी करणं हेच मोठं आव्हान होतं. वाटेतल्या जमिनी मिळवणं त्या मानाने सोपं होतं, कारण सरकारच पाठीशी होतं.

पण ते सोपेपण फार टिकलं नाही. मुंबईला अजून वीज हवी म्हणून मुळशीला धरण सुरू झालं आणि १९२१ मध्ये मावळे शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट या लढ्यात उतरले आणि ‘सेनापती’ झाले. धरण झालं, भात पिकवणारी खोरी बुडाली, १९२७ च्या सुमारास भिऱ्याचं केंद्र सुरू झालं. ‘दिवा शहरात लागणार, तर जमीन आमचीच का?’ हा प्रश्न मात्र बुडाला नाही.

आता येऊ कायद्यावर. धरणासाठी जमीन संपादित करतात. लाइनसाठी तसं नसतं. वीज कायदा २००३, कलम १६४. सरकारने आदेश काढला की लाइन टाकणाऱ्या कंपनीला तार खात्याचे जुने अधिकार मिळतात. म्हणजे काय, तर सातबारा तुमच्याच नावावर राहतो, पण तुमच्या जमिनीत टॉवर उभा राहू शकतो. विरोध केलात तर प्रकरण जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे जातं, भरपाईचा वाद जिल्हा न्यायाधीशाकडे. गंमत बघा, २०२३ च्या दूरसंचार कायद्याने १८८५ चा कायदा रद्द केला, पण विजेच्या लाइनपुरता हा भाग मुद्दाम चालू ठेवला!

४०० केव्हीच्या लाइनखाली साधारण ४६ मीटर रुंदीचा पट्टा लागतो. त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही. मग जमीन तुमची, पण विकायला गेलात तर कोण घेणार? बरीच वर्षं भरपाई मिळायची ती मुख्यतः पिकाची आणि झाडांची. २०१५ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या: टॉवरच्या पायाखालच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के, तारांखालच्या पट्ट्यासाठी जास्तीत जास्त १५. २०२४ मध्ये हेच आकडे २०० आणि ३० टक्के झाले. पण या नुसत्या सूचना, राज्याने स्वीकारल्या तरच खऱ्या.

आता दुसरी बाजू. १२ ऑक्टोबर २०२०, सकाळी दहाचा सुमार. कोविडचे दिवस. कळवा-पडघा मार्गावरच्या लाइन बंद पडल्या, भार दुसरीकडे सरकला, तिथेही ट्रिपिंग झालं. अशा वेळी शहराला बाहेरच्या ग्रिडपासून तोडून वाचवणारी ‘आयलँडिंग’ची व्यवस्था असते, तीही टिकली नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या, परीक्षा पुढे ढकलल्या, हॉस्पिटलं जनरेटरवर गेली.

शहरात बाहेरून वीज आणायच्या वाटा किती कमी आहेत, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. खारघर-विक्रोळी ४०० केव्ही लाइन कागदावर कधीचीच होती. पण जागा हवी, खाडी ओलांडायची, वन खात्याची मंजुरी, सीआरझेड. खारफुटी तोडायची तर २०१८ च्या निकालापासून उच्च न्यायालयाची परवानगी. शेवटी बोली मागवून काम अदानीकडे गेलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये लाइन सुरू झाली. त्यामुळे शहरात सुमारे १००० मेगावॅट जास्त वीज आणता येते. ही लाइन आधी असती तर अंधार झालाच नसता, असं छातीठोकपणे नाही म्हणता येणार. पण एक वाट जास्त असती, हे नक्की.

‘मग जमिनीखालून केबल टाका ना!’ टाकतात की. आरे-कुडूस लाइनचा मोठा भाग तसाच नेलाय. पण केबलचा खर्च कितीतरी पट, आणि तो शेवटी आपल्याच बिलात येतो.

मला विचाराल तर इतक्या परवानग्या आहेत हे वाईट नाही. खाडी, खारफुटी, लोकांची घरं यांचा विचार १९१५ मध्ये कोणी फारसा केला नव्हता, आज करावा लागतो. खरी अडचण वेगळीच आहे: लोकांना विचारलं जातं फार उशिरा, मार्ग ठरल्यावर. मग कोर्ट, स्थगिती, वर्षं जातात. भरपाई आधी आणि नीट ठरली, तर निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

आणि एक कामाची गोष्ट. पारेषणाच्या परवान्यासाठी अर्ज केला की कंपनीला सात दिवसांत जाहीर नोटीस द्यावी लागते. त्यानंतर आयोगाकडे हरकत नोंदवायला ३० दिवस मिळतात. पेपरातली ती बारीक अक्षरातली चौकट पुढच्या वेळी नुसती स्क्रोल करू नका!

तुमच्या एरियात अशी लाइन येतेय का? आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!