मानेतून चालणारा श्वास

1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडल्याने ब्लेगडॅम रुग्णालयात रुग्ण दगावत होते. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांनी उपाय सुचवला: मानेच्या पुढच्या बाजूने श्वासनलिकेला छेद द्यायचा, त्यात नळी बसवायची आणि रबरी पिशवी दाबून हवा आत ढकलायची. शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, रात्रंदिवस पिशव्या दाबल्या. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. असा छेद घटसर्पात पूर्वीही देत. आता मात्र तो दीर्घकाळ श्वास चालू ठेवण्याचे साधन ठरला.

त्याच दशकातली दुसरी गोष्ट अमेरिकेतली. जॉर्ज मेसन हे रायकर या औषधकंपनीचे प्रमुख. त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. औषधासाठी तिला रबरी फुगा दाबून चालणारे काचेचे नाजूक उपकरण वापरावे लागे. 1955 मध्ये तिने विचारले, केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे हे औषध डबीत का भरत नाहीत? वर्षभरात, 1956 मध्ये, मोजका फवारा सोडणारा इनहेलर बाजारात आला.

दोन्ही शोधांनी माणसे वाचवली, पण ते एकमेकांना जुळत नव्हते. इनहेलरचे तोंड ओठांत धरण्यासाठी घडवलेले. मानेतल्या नळीतून श्वास घेणाऱ्याने तो तोंडात धरून दाबला तर काय होईल? औषध जिभेवर आणि घशात बसेल. फुप्फुसात जाणारी हवा त्या वाटेने जातच नाही. रुग्णाला वाटते औषध घेतले, दम मात्र लागतच राहतो.

मग फवारा थेट नळीत मारला तर? तोही पुरेसा उपयोगी नाही. फुप्फुसात खोलवर पोचण्यासाठी थेंब साधारण 1 ते 5 मायक्रॉनचे लागतात. मोठे, वेगवान थेंब जडत्वामुळे हवेबरोबर वळत नाहीत, नळीच्या भिंतीवर आदळतात. एसटीने जोरात वळण घेतले की आपण कडेला रेलतो, तसेच हे. म्हणून डबी आणि मान यांच्यामध्ये स्पेसर नावाची पोकळ नळकांडी जोडतात. तिच्यात फवाऱ्याचा वेग कमी होतो आणि द्रव उडून थेंब लहान होतात. नेब्युलायझर वापरायचा असल्यास त्याचे धुकेही इंग्रजी ‘टी’च्या आकाराच्या जोडनळीने किंवा मानेवरच्या मास्कने छेदापाशीच सोडतात.

श्वसनसंस्थेची आकृती शिकवताना आपण नाकापासून बाण काढतो. कधीतरी तो बाण मानेपासून काढून मुलांना विचारावे: आता औषध कुठे द्याल?