मेणाच्या थरांतून आलेला मेंदू

एमआरआय झालेला कुणीही माणूस आज आपल्या स्कॅनची सीडी मागून घेऊ शकतो, आणि चिकाटी असेल तर त्या सीडीवरून आपल्याच मेंदूची प्रतिकृती थ्रीडी प्रिंटरवर काढून टेबलावर ठेवू शकतो. खाचा, वळ्या, डाव्या-उजव्या अर्ध्या भागांतला फरक, सगळं त्यात उतरतं. पाहणाऱ्याला कौतुक वाटतं ते प्रिंटरचं. पण या कुळात प्रिंटर अगदी अलीकडे जन्मला. मूळपुरुष एकोणिसाव्या शतकातला आहे, आणि त्याचं साधन होतं मेण.

ब्रेस्लाउ शहरात (आता ते पोलंडमध्ये आहे, नाव व्रोत्सुआफ) गुस्ताव बोर्न नावाचे शरीररचनाशास्त्रज्ञ होते. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे माक्स बोर्न हे त्यांचे चिरंजीव. गुस्ताव बोर्न गर्भाची वाढ कशी होते ते अभ्यासत. मायक्रोटोम या यंत्रामुळे तोवर गर्भाचे अत्यंत पातळ काप एकामागून एक, क्रमवार काढता येऊ लागले होते. काप काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की आतलं सगळं दिसे, फक्त आकार दिसत नसे. शंभर काप पाहून मूळ अवयव कसा असेल ते मनातल्या मनात उभं करायचं, आणि ते प्रत्येकाच्या मनात वेगळं उभं राहायचं.

बोर्न यांनी १८७६ पासून यावर तोडगा बसवायला घेतला आणि १८८३ मध्ये ती रीत तपशिलाने छापून प्रसिद्ध केली. प्रत्येक कापाचं मोठं चित्र काढायचं, ते मेणाच्या पातळ तावावर उतरवायचं, रेघेवरून कापायचं, ताव ओळीने एकावर एक रचायचे आणि कडा गरम पात्याने सांधायच्या. खरी खुबी तावाच्या जाडीत होती. चित्र जितक्या पटीने मोठं, तितक्याच पटीने कापाची जाडीही मोठी करायची. काप २० मायक्रॉनचा आणि चित्र ५० पट असेल, तर ताव बरोबर १ मिलिमीटरचा हवा. हा हिशेब चुकला तर अवयव चेपतो किंवा ताणला जातो. मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते, कारण ती अजून जशीच्या तशी लागू आहे. एमआरआयच्या फाइलमध्ये कापाच्या जाडीचा आकडा चुकीचा वाचला गेला, तर आजही प्रिंटरमधून चेपलेला मेंदूच बाहेर येतो.

ही रीत मेंदूपर्यंत नेण्यात एका विद्यार्थिनीचा मोठा वाटा आहे. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये फ्लॉरेन्स सेबिन वैद्यक शिकत होत्या. त्यांचे गुरू फ्रँकलिन मॉल. नवजात बाळाच्या मेंदूच्या देठाचे क्रमवार काप घेऊन सेबिन यांनी बोर्न यांच्या पद्धतीने त्याची मेणाची प्रतिकृती उभी केली आणि १९०१ मध्ये त्यावर आधारित चित्रसंग्रह पुस्तकरूपाने काढला. मेंदूचा देठ म्हणजे वर-खाली जाणाऱ्या तंतूंच्या जुड्यांची दाटी. कुठली जुडी कुठे संपते आणि शेजारची कुठे सुरू होते, हे दर कापावर ठरवल्याशिवाय मेणाला पातं लावता येत नाही. म्हणजे प्रतिकृती घडवणं हे हस्तकौशल्याइतकंच निर्णयाचं काम होतं, आणि ते त्यांनी तिशीच्या आत केलं. पुढे १९१७ मध्ये त्या हॉपकिन्सच्या वैद्यक विद्यालयातल्या पहिल्या महिला पूर्ण प्राध्यापक झाल्या. थ्रीडी प्रिंटिंगच्या इतिहासात त्यांचं नाव सहसा येत नाही. ते यायला हवं.

सुरी न लावता काप मिळायला मात्र सत्तर वर्षं जावी लागली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. चित्र होतं आडव्या-उभ्या ८० चौकटींचं. त्याच वर्षी आपल्याकडच्या जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी क्ष-किरणांच्या सावल्यांवरून आतलं चित्र झटपट कसं काढायचं याचं गणित मांडलं, आणि त्यांच्या नावाची राम-लॅक गाळणी सीटीच्या अभ्यासात आजही शिकवली जाते. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय पद्धतीने चित्र काढून दाखवलं, त्यातून एमआरआय आला.

आता काप होते, मेण कापणारा हात नव्हता. त्याची जागा घेतली न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी इथे जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या विल्यम लॉरेन्सन आणि हार्वे क्लाइन यांनी. १९८७ मध्ये त्यांनी मांडलेली ‘मार्चिंग क्यूब्ज’ ही रीत ऐकायला अगदी साधी आहे. दोन शेजारच्या कापांवरचे चार-चार ठिपके घ्या, आठ कोपऱ्यांचा एक घन होतो. प्रत्येक कोपरा अवयवाच्या आत की बाहेर, एवढंच विचारा. आठ कोपरे, प्रत्येकी दोन उत्तरं, म्हणजे २५६ शक्यता. फिरवून आणि उलटवून सारख्या होणाऱ्या काढून टाकल्या की उरतात फक्त १५. त्या पंधरांपैकी प्रत्येकात पृष्ठभागाचे त्रिकोण कसे बसवायचे ते आधीच ठरवून ठेवलेलं असतं. संगणक एकेका घनावरून पुढे सरकत जातो आणि मागे त्रिकोणांचं सलग कवच तयार होत जातं. कंपनीचं पेटंट २००५ पर्यंत लागू होतं, त्यामुळे मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना तोवर आडवाटा शोधाव्या लागल्या.

प्रिंटरही याच दशकातला. १९८१ मध्ये नागोयाच्या हिदेओ कोदामा यांनी प्रकाशाने घट्ट होणाऱ्या राळेचे थर देऊन वस्तू घडवली, १९८६ मध्ये चक हल यांना अमेरिकेत पेटंट मिळालं, आणि त्यांच्या कंपनीची एसटीएल फाइल रूढ झाली. तिच्यात त्रिकोणांखेरीज काही नसतं. रंग नाही, माप मिलिमीटरमध्ये की इंचांत तेही नाही. १९९० मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या निकोलस मँकोविच आणि सहकाऱ्यांनी सीटीवरून कवटीच्या प्रतिकृती घडवल्याचा निबंध प्रसिद्ध केला. कवटी सोपी. सीटीत हाड लखलखीत पांढरं दिसतं, एक मर्यादा ठरवली की काम झालं.

मेंदू तसा हाती लागत नाही. एमआरआयमध्ये मेंदूची करडी साल आणि तिच्यावरचं जाड आवरण यांची छटा जवळपास सारखी असते. साल २ ते ४ मिलिमीटर जाड, आणि स्कॅनचा सर्वांत छोटा ठोकळा, म्हणजे व्हॉक्सेल, साधारण १ मिलिमीटरचा. खाचेच्या दोन भिंती भिजलेल्या पुस्तकाच्या पानांसारख्या एकमेकींना चिकटून असतात, मधली फट व्हॉक्सेलहून अरुंद, आणि स्कॅनमध्ये दोन भिंतींची एकच भिंत होते. थेट त्रिकोण काढले तर खाचा बुजलेला गोळा मिळतो. अँडर्स डेल, ब्रूस फिशल आणि मार्टिन सेरेनो यांनी १९९९ मध्ये ज्या पद्धतीचे निबंध लिहिले, तिने वाट बदलली. बाहेरची कड आधी शोधायचीच नाही. आतल्या पांढऱ्या भागाची आणि करड्या सालीची सीमा त्यापेक्षा बरीच स्पष्ट दिसते, ती आधी पकडायची. मग तो पृष्ठभाग हळूहळू बाहेर फुगवायचा, पण त्याला स्वतःलाच छेदू द्यायचं नाही. भिंती समोरासमोर आल्या की तिथेच थांबतात आणि खाच शिल्लक राहते. ‘फ्रीसर्फर’ या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं आहे. शिवाय ते पृष्ठभागाला कुठेही भोक किंवा कडी उरू देत नाही, आणि प्रिंटरला नेमकं तेच हवं असतं. लहान मेंदू मात्र या पृष्ठभागात येत नाही; त्याच्या घड्या इतक्या बारीक की तो वेगळा काढून जोडावा लागतो.

सीमारेषेचा हा निर्णयच टाळता येईल का, असा प्रश्न पडला एका रुग्णाला. स्टीव्हन कीटिंग एमआयटीत पीएच.डी. करत होते. २००७ मध्ये एका संशोधनासाठी स्वेच्छेने केलेल्या स्कॅनमध्ये वास ओळखणाऱ्या भागाजवळ काही वेगळं दिसलं होतं. २०१४ मध्ये त्यांना रोज काही सेकंद व्हिनेगरचा वास यायला लागला, तेव्हा त्यांनी स्कॅनचा आग्रह धरला. गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली. त्यांनी आपला सगळा डेटा मिळवला आणि कवटी, गाठ छापून पाहिली. पुढे २०१८ मध्ये ते, जेम्स वीव्हर, अहमद होस्नी, बेथ रिपली आणि इतरांनी नवी रीत प्रसिद्ध केली. करड्या छटांचा प्रत्येक काप वर्तमानपत्रातल्या फोटोप्रमाणे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत बदलायचा आणि तो थर थेट प्रिंटरला द्यायचा. मध्ये पृष्ठभाग नाही, त्रिकोण नाहीत, बोर्न यांच्याप्रमाणे कापावर काप. अस्पष्ट सीमा अस्पष्टच उतरते, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याला तेही दिसायला हवं असतं. कीटिंग २०१९ मध्ये गेले.

या पद्धतीला दोन रंगांच्या राळेचे थेंब शेजारी-शेजारी ठेवणारा महागडा प्रिंटर लागतो. प्लास्टिकचा एकच धागा वितळवणाऱ्या घरगुती यंत्राला पृष्ठभाग द्यावाच लागतो, म्हणून तिथे अजून फ्रीसर्फरची सीमारेषा आणि एसटीएलचे त्रिकोणच चालतात; मग प्रिंटरचं सॉफ्टवेअर तो मेंदू पुन्हा एकदा आडवा कापतं, ०.२ मिलिमीटरच्या थरांत, आणि खालून छपाईला सुरुवात करतं.